समुद्राच्या नावाने जमवलेले पॉइंट

१२ फेब्रुवारी

ताई, नमस्कार.

माझं अक्षर बघून तुम्ही आधी पाकीट उलटंपालटं कराल, मग चष्मा पुसाल. लग्नाला सात वर्षं झाली आणि नणंदेला लिहिलेलं हे माझं पहिलंच पत्र. फोनच करणार होते, पण आई एकदा म्हणाल्या होत्या की ताई दिवसभर कानाला यंत्र लावून कार्डवाल्या लोकांच्या तक्रारी ऐकते आणि घरी फोन वाजला की उशीखाली कोंबते. शिवाय आमच्या क्वार्टरमध्ये रेंज येते ती गॅलरीच्या एका कोपऱ्यात. तिथं उभं राहून बोललं की अख्ख्या रांगेला ऐकू जातं. म्हणून पत्र.

तुमच्या भावाला हे माहीत नाही. बाबा गेले तेव्हापासून तुम्ही दोघं बोलत नाही, त्यात मी पडणार नाही. मला फक्त तुमच्या कामातलं विचारायचंय.

पलटणीत एका बँकेचा माणूस आला होता. कँटीनच्या बाहेर टेबल टाकून बसला आणि फौजी घरांसाठी म्हणून क्रेडिट कार्डं देऊन गेला. माणूस वर्दीत आहे तोवर वर्षाची फी माफ. मी माझ्या नावाने घेतलं. सोबत एक गुळगुळीत पुस्तिका आहे, ती मी पेन्सिल घेऊन तीनदा वाचली. मी पहिलीच्या पोरांना शिकवते, त्यांचीही अक्षरं मला लागतात. पण इथं प्रत्येक पानाखाली ‘अटी लागू’ आणि अटी कुठेच नाहीत. पॉइंट म्हणजे नक्की काय? पेट्रोल भरलं तर मिळत नाही आणि बूट घेतले तर मिळतो, असं का? आणि सगळ्यात जास्त पॉइंट मिळवायचे असतील तर माणसाने करावं तरी काय?

कशासाठी म्हणाल, तर समुद्रासाठी. छोटीने अजून समुद्र पाहिलेला नाही. विमानाची तिकिटं पॉइंटवर मिळतात असं पुस्तिकेत चित्र आहे.

आईंना नमस्कार सांगा.

उत्तराची वाट बघत,
तुमची भावजय


२७ फेब्रुवारी

मास्तरीणबाई,

चष्मा पुसला, बरोबर ओळखलंस. पाकीट मात्र आईनेच फोडलं होतं. बसस्थानकाच्या तिकीट खिडकीत जन्म गेला तिचा, आलेला कागद वाचल्याशिवाय पुढे सरकवायचा नाही ही सवय काही जात नाही.

धाकट्या भावाबद्दल तू जास्त काही लिहिलं नाहीस, मीही लिहीत नाही.

आता कार्डाचं ऐक. तुझं खातं मी ऑफिसात उघडून बघणार नाही, कारण ते तुमच्या बँकेचं आहे, आणि आमच्याच कंपनीचं असतं तरी बघितलं नसतं. नातेवाइकांच्या खात्याला हात लावला की आमच्याकडे घरी पाठवतात. पण सगळ्या कार्डांची जात एकच. पहिली गोष्ट, महिन्याचं बिल आलं की पूर्ण भरायचं. ‘किमान रक्कम भरा’ असं गोड भाषेत लिहिलेलं असतं, त्यावर विश्वास ठेवलास तर व्याज सगळे पॉइंट खाऊन वर ढेकर देईल. दुसरं, कँटीनमध्ये जे स्वस्त मिळतं ते पॉइंटसाठी बाहेरून महाग घ्यायचं नाही. हा मूर्खपणा मी रोज ऐकते. शाळेची फी, औषधं, बूट, चष्मे, जे तुला नाहीतरी बाहेरच घ्यावं लागतं ते कार्डावर टाक. पेट्रोलवर पंपवाल्याला मिळतं थोडं, बँकेला त्याहून थोडं, मग तुला काय डोंबल देणार?

तिसरं फक्त तुम्हा फौजी लोकांसाठी. तुमची बदली झाली की बिल जुन्या क्वार्टरला जातं आणि दंड नव्या क्वार्टरला येतो. म्हणून कायमचा पत्ता दे. आमचाच दे, मी पुढे पाठवत जाईन.

आणि त्या पुस्तिकेतल्या मिक्सरला आणि टोस्टरला भुलू नकोस. वस्तू घेतली की पॉइंट मातीमोल होतात, तिकीट घेतलं तर त्यांना भाव येतो.

आई विचारते, कुठला समुद्र?

कानाला यंत्र लावलेली,
ताई


२० एप्रिल

ताई,

तुमचं पत्र मी इतक्यांदा वाचलं की घड्या फाटल्या. बिल पूर्ण भरलं. पत्ता तुमचा दिला. मिक्सरच्या पानाला टाचणी लावून ते बंद केलं. पॉइंट वाढतायत. गॅलरीच्या कोपऱ्यात जाऊन मी रोज बघते आणि खरं सांगते, मजा येते. दुकानात आधी विचारते, कार्ड चालतं का? नाही म्हटलं की पुढच्या दुकानात. परवा कुलपं घ्यायला तीन दुकानं हिंडले. छोटी म्हणाली, आई, तू कुलूप शोधतेयस की दुकानदार?

समुद्र अजून ठरला नाही. आईंना सांगा, ठरला की कळवते.

आता पुढचे प्रश्न. पॉइंटवरचं तिकीट एकाच माणसाचं काढता येतं का? फक्त जायचं, यायचं नाही असं? ज्याचं कार्ड नाही अशा माणसाच्या नावाने निघतं का? आमच्या इथून विमानतळ सहा तासांवर आहे, तिथून पहाटेचं विमान असतं का, हे कुठे बघायचं? आणि एकदा साठवलेले पॉइंट साठलेलेच राहतात ना? हे म्हणतात, राखीव ठेवलेल्या गोष्टीला शेवटपर्यंत हात लावायचा नसतो. कार्डाबद्दल नाही हो म्हणाले, पाण्याच्या टाकीबद्दल. पण मला पटलं.

छोटीने तुम्हाला पत्राच्या मागे एक विमान काढून दिलंय. पंख तीन आहेत, समजून घ्या.

तुमची भावजय


९ मे

मास्तरीणबाई,

तुझं पहिलं मोठं बिल आमच्या पत्त्यावर आलं. आईने फोडलं, जेवणाच्या टेबलावर पसरलं आणि एकेक दुकान मोठ्याने वाचलं. आता आम्हा दोघींना काही शंका आहेत.

तुला मुलगी एक, तिला पाय दोन. मग एका दिवसात बुटांच्या दुकानात एवढे पैसे कसे गेले? चष्म्याच्या दुकानात तू तीनदा गेलीस. घरात चष्मा कोणाला आहे? शाळेची फी तीन वेळा भरलीयेस, तीही एकाच शाळेत. आई म्हणाली, पोर तीनदा नापास झाली असेल. मी म्हटलं, पहिलीत?

दुसरी शंका जास्त मोठी आहे. सहल कुटुंबाची, मग तिकीट एका माणसाचं का? तेही जायचंच, यायचं नाही? ज्याचं कार्ड नाही असा तुझ्या घरात एकच माणूस आहे. माझा भाऊ एकटाच समुद्र बघायला चाललाय? की तुमच्यात काही बिनसलंय? असेल तर स्पष्ट लिही. तो माझ्याशी बोलत नाही म्हणून मी त्याची बाजू घेईन असं नाही, आणि बोलत असता तरी घेतली नसती.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं: एका माणसाचं निघतं, एका बाजूचं निघतं, कोणाच्याही नावाने निघतं. वेळापत्रक सोबत जोडलंय. पहाटेचं विमान आहे.

छोटीला सांग, तीन पंखांचं विमान आईने फ्रिजवर लावलंय. दुसऱ्या दोन पंखांच्या विमानांपेक्षा तिला तेच भरवशाचं वाटतं.

ताई


२४ मे

ताई,

तुमचं पत्र वाचून मी हसले आणि मग घाबरले. आमच्यात काही बिनसलेलं नाही. हे बरे आहेत. सध्या वर चौकीवर आहेत, खाली कधी उतरतील ते विचारायचं नसतं, सांगायचंही नसतं. ते आले की दार वाजतं, एवढंच आम्हाला माहीत.

बुटांचं सांगते. आमच्या रांगेत एक पद्धत आहे. गावात जायला गाडी आठवड्यातून दोनदा, आणि प्रत्येकीला जायला जमत नाही. म्हणून जी जाते ती सगळ्यांचं आणते. मी जाते तेव्हा पलीकडच्या नर्सबाईचं आणि वरच्या मजल्यावरच्या बडबडीचं आणते. बडबडीचं खरं नाव सगळे विसरलेत, ती स्वतःसुद्धा. तिला तीन मुलगे, म्हणून बूट आणि शाळेची फी. नर्सबाईचे सासू-सासरे आणि ती स्वतः, म्हणून चष्मे. आधी मी रोख पैसे घेऊन जायचे, आता कार्डावर घेते आणि त्या मला तेवढेच रोख देतात. बिलाची तारीख येण्याआधी देतात, एकदाही चुकल्या नाहीत. पॉइंट माझ्या कार्डावर जमतात, पण ते तिघींचे आहेत. तसं ठरलंय.

म्हणजे छोटी नापास झालेली नाही.

तिकीट एकाचं का, ते मी पुढे कधीतरी लिहीन. तोवर समुद्रच समजा.

बडबडी आत्ता खिडकीतून विचारतेय, ताईंनी काय लिहिलं? मी म्हटलं, त्यांना तुझ्या मुलांचे पाय मोजायचे आहेत.

तुमची भावजय


३० जून

मास्तरीणबाई,

उत्तराला उशीर झाला. आईला श्वासाचा त्रास झाला म्हणून दोन रात्री दवाखान्यात ठेवलं होतं. आता घरी आहे, तब्येत बरी आहे, तिथल्या नर्सेसना बसच्या जुन्या वेळा सांगून हैराण करून आली. तुम्हाला मुद्दाम कळवलं नाही. तू गॅलरीच्या कोपऱ्यात उभी राहून काय करणार होतीस? आणि तो तर वर.

तीन घरांचं एका कार्डावर घेतेस, त्यावर बोलते. तुमच्यातला व्यवहार स्वच्छ आहे हे मला दिसतंय. पण बँकेला वास लवकर येतो. एका घरगुती कार्डावर दुकानदारासारखी खरेदी दिसली की ते चौकशी करतात आणि कधी पॉइंट गोठवतात. ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये. जरा हात आखडता घे.

आणि एक वाईट बातमी आहे. तुझ्या बिलाच्या मागच्या बाजूला, मुंगीच्या अक्षरात, मी अट शोधली. साठवलेले पॉइंट साठलेले राहत नाहीत. सप्टेंबर संपला की हे सगळे जातील. त्यामुळे राखीव वगैरे विसर. पाण्याच्या टाकीचा नियम इथं लागू नाही. पोरीला घे, त्याला रजा मिळत असेल तर त्याला घे आणि समुद्र गाठ. नर्सबाई आणि बडबडी यांनाही वाट्याने द्यायचं तर द्या, पण वापरा.

आई झोपली आहे. उठली की विचारेल, काय लिहिलंस. सांगेन, समुद्राचं.

ताई


८ जुलै

ताई,

आईंना दवाखान्यात ठेवलं आणि तुम्ही मला नंतर सांगताय. तुमचं पत्र मी जिन्यातच फोडलं आणि तिथंच खाली बसले. नर्सबाईने पाणी आणून दिलं. तिने विचारलं, कोणाचं? आमच्या रांगेत कोणी असं बसलं की पहिला प्रश्न हाच असतो. काय झालं असं नाही विचारत, कोणाचं असं विचारतात. मी म्हटलं, सासूबाई, पण बऱ्या आहेत. मग ती पण माझ्या शेजारी बसली.

आता लपवत नाही. समुद्रबिमुद्र काही नाही.

बाबांच्या वेळी निरोप आला तेव्हा हे चौकीवरच होते. खाली उतरायला एक रात्र गेली. मी छोटीला घेऊन स्टेशनवर उभी होते, कडेवर ती आणि हातात एक पिशवी. विमानाचं विचारून बघितलं होतं. त्याच दिवशीच्या तिकिटाची किंमत ऐकून यांनी फोन खिशात ठेवला आणि गाडीकडे चालायला लागले. आरक्षण नव्हतं, दाराशी बसून आलो. गाडी जिथं थांबेल तिथं हे खाली उतरायचे, मग परत चढायचे. तुमचा फोन आला, की आता थांबता येत नाही, न्यायला हवं. तेव्हा गाडी एका पुलाच्या अलीकडे उभी होती. सिग्नल नव्हता. हे तुम्हाला ‘बरं’ म्हणाले. तेवढंच म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांनी दाराच्या दांडीला डोकं टेकलं ते पूल ओलांडेपर्यंत उचललं नाही. मी हे कोणाला सांगितलेलं नव्हतं.

तर ते तिकीट यांच्यासाठी आहे. आईंच्या वेळी यांना पोचता यावं म्हणून. नर्सबाईचे वडील आजारी असतात, बडबडीला तिच्या आजीने वाढवलं, ती आता खूप थकली आहे. तिघींच्या डोक्यात हीच भीती. मग ठरवलं, पॉइंट एकत्र जमवायचे, ज्या घरी आधी निरोप येईल त्या घरच्या माणसाने वापरायचे. हे तुम्हाला कसं लिहू? तुमच्या आईच्या मरणासाठी मी बुटांचे पॉइंट जमवतेय, असं? म्हणून समुद्र म्हटलं.

आईंना हे पत्र वाचून दाखवू नका, तुमच्या पाया पडते. आणि पॉइंट सप्टेंबरमध्ये गेले तर आम्ही ऑक्टोबरपासून पुन्हा जमवू.

भावजय


११ ऑगस्ट

तुला काय म्हणून हाक मारू ते आज सुचत नाहीये.

तुझं पत्र ऑफिसच्या जेवणाच्या खोलीत उघडलं. मला रडू आलं. शेजारच्या मुलीला वाटलं कोणी गिऱ्हाईक शिव्या देऊन गेलं, आमच्याकडे ते चालतं. मग पत्र पर्समध्ये घेऊन महिनाभर फिरले. उत्तर लिहायला बसायचे आणि उठायचे.

‘बरं’ हा शब्द मी इतकी वर्षं कानात धरून बसले होते. मी इकडे एकटी सगळं करत होते, खांदा द्यायला शेजारी जमवत होते, आणि भाऊ म्हणतो, बरं. मला वाटलं दगड आहे. पुलाचं मला कोणी सांगितलं नाही. त्यानेही नाही. मी विचारलं नाही हे खरं, पण त्याने सांगायला काय हरकत होती? मला त्याचा अजूनही राग आहे, फक्त आता वेगळा आहे. त्याला हे वाचून दाखवायचं तर दाखव.

आता जे सांगायला नको वाटतं ते सांगते. पॉइंटवरचं तिकीट प्रवासाच्या किमान चार दिवस आधी काढावं लागतं. आज काढलं आणि आज निघालं, असं होत नाही. हा नियम मला पाठ आहे, दिवसातून वीस जणांना सांगते. तुलाही पहिल्याच पत्रात सांगितला असता. पण तू समुद्र म्हणालीस, आणि समुद्र काही कुठे पळून जात नाही, म्हणून मी ते लिहिलंच नाही.

निरोप चार दिवस आधी येत नाही. तुम्ही तिघींनी जे जमवलंत ते त्या दिवशी कामाला आलंच नसतं. विमानतळावर उभं राहून कळलं असतं, त्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

अडीअडचणीसाठी एक कर. कार्डाची मर्यादा कधी पूर्ण वापरू नकोस, निम्मी मोकळी ठेव. त्या दिवशी सरळ कार्डावर तिकीट काढायचं, पैसे महिन्याने भरता येतात. नाहीच जमलं तर मी भरेन. आणि काही विमान कंपन्या फौजी लोकांना भाड्यात सूट देतात, त्याचे फोन नंबर सोबत लिहिलेत. भिंतीवर चिकटव.

आईला पत्र दाखवलेलं नाही. कपाटात साड्यांखाली ठेवलंय.

ताई


२२ ऑगस्ट

ताई,

तुमचं पत्र मी दोघींना वाचून दाखवलं. बडबडीने ते माझ्या हातातून घेऊन स्वतः पुन्हा वाचलं. मग नर्सबाई म्हणाली, म्हणजे तीन घरं सहा महिने कुलपांपासून बुटांपर्यंत दुकानं शोधत फिरली, कोणी मेलं नाही हे नशीब, आणि मेलं असतं तरी उपयोग नव्हता. त्यावर आधी बडबडी हसली आणि मग आम्ही सगळ्याच. खूप वेळ हसलो. छोटी घाबरून बघायला आली.

हसून झाल्यावर मात्र वाईट वाटलं. निदान हातात काहीतरी आहे या समजुतीवर मी रात्री झोपत होते. आता दार वाजलं की पुन्हा पहिल्यासारखी कडीला हात लावून थांबते. तुम्ही सांगितलेली मर्यादेची युक्ती चांगली आहे, नंबर भिंतीवर लावलेत, पण तुमच्याकडून पैसे घ्यायला हे तयार होतील का, मला माहीत नाही.

हे मागच्या आठवड्यात खाली आले. तुमचं पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते वाचलं, घडी घातली आणि अंगणात जाऊन सायकलची चेन साफ करत बसले. चेन स्वच्छच होती. आत आल्यावर म्हणाले, ताईला सांग, मला सांगता आलं नाही. मी म्हटलं, तुम्हीच सांगा. म्हणाले, कसं सांगतात?

तर पॉइंट सप्टेंबरअखेर जाणारच, तेव्हा पुस्तिकेतल्या मिक्सरच्या पानाची टाचणी काढली आहे. तिघींना तीन मिक्सर येतील असा हिशेब बसतोय. तेल गेलं, तूप गेलं, निदान धुपाटणं तरी येऊ दे. तुम्ही म्हणाला होतात की वस्तू घेणं म्हणजे पॉइंट मातीत घालणं, पण दुसरं काही सुचत नाही. त्यातला कुठला कमी वाईट आहे, तेवढं कळवा.

आईंचा श्वास कसा आहे?

भावजय


१ सप्टेंबर

चि. सूनबाईस आशीर्वाद.

हे पत्र मी स्वतः लिहितेय. अक्षर वाकडं येतं, त्याकडे लक्ष देऊ नकोस.

साड्यांखाली ठेवलेलं पत्र मला त्याच संध्याकाळी मिळालं. तीस वर्षं खिडकीत बसून लोकांच्या मुठीतली नोट ओळखली मी, आणि ही माझी पोर माझ्याच कपाटात कागद लपवते. तुझं नंतरचं, मिक्सरचं पत्रही वाचलं. मिक्सर घेऊ नका. माझ्या नातीच्या घरात एक आहे, पुरे.

तुम्ही तिघी पोरींनी माणसं वेळेवर पोचावीत म्हणून धडपड केलीत, मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटलं. माझ्यासाठी कोणी एवढी दुकानं हिंडलं नव्हतं. पण तुमचं गणित मुळात चुकलंय, आणि त्याला कार्डाचा नियम कारण नाही. त्या दिवशी कोण आलं आणि कोण राहिलं, हे मला कळणार आहे का? मला कळतंय तोवर भेटा. तुझ्या सासऱ्यांच्या वेळी मी जवळ होते. शेवटचे दोन दिवस त्यांना कोणी ओळखू येत नव्हतं. धाकटा पोचला असता तरी त्यांनी त्याला ओळखलं नसतं. हे मी त्याला तेव्हाच सांगायला हवं होतं, असं आता वाटतं. तू सांग, किंवा राहू दे, मीच सांगेन.

मी माझ्या आयुष्यात लाखभर तरी तिकिटं फाडून दिली असतील. मी स्वतः ती खिडकी सोडून कधी कुठे गेले नाही. विमानात तर नाहीच. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, हळू चाला आणि खिडकीशी बसा. खिडकीशी बसायची मला सवयच आहे.

तर नर्सबाईला आणि बडबडीला माझ्या वतीने विचार. या वर्षीचे पॉइंट मी उसने मागते. ऑक्टोबरपासून जमतील ते आधी नर्सबाईच्या वडिलांना तिच्याकडे आणायला, मग बडबडीच्या आजीला. निरोपाची वाट बघत बसायचं नाही, त्यांना जिवंतपणी बोलवायचं. चार दिवस आधी तिकीट काढायचं असतं ना, मग काढायचं. दोघींपैकी एकीचीही ना असेल तर मी गाडीने येईन, पण येणार आहे.

त्या हो म्हणाल्या तर सप्टेंबर संपायच्या आत दोन तिकिटं काढ. एक माझं. दुसरं ताईचं. तिला मी विचारलेलं नाही. हे पत्र टपालात टाकायला तिच्याच हातात देणार आहे, पाकीट न चिकटवता, म्हणजे वाटेत वाचेल. चिडेल, दोन दिवस माझ्याशी बोलणार नाही आणि तिसऱ्या दिवशी बॅग काढेल. तिला मी ओळखते.

ती सांगत होती, तिचं कार्ड दाखवलं की विमानतळावर बसायला वेगळी खोली देतात, चहा फुकट. तिथं आम्ही दोघी बसू. आणि उतरल्यावर घ्यायला धाकट्याला पाठव. त्याला कामावरून सुटायला वेळ लागला, सहा तासांचा रस्ता आहे, कुठे अडकला, तर अडकू दे. त्याला सांग, धावत येऊ नकोस. उशीर झाला तरी चालेल. मी थांबणार आहे.

आई